तंबूखालचं गवत

१

उज्जैनला परत येऊन वर्ष होत आलं होतं. त्या वर्षात मुक्ता राजूरकरच्या कानावर सगळ्यात जास्त वेळा कुठला शब्द पडला असेल, तर तो ‘बघू’. मंडळात बघू, शाळेत बघू, सरकारी खिडकीवर देखेंगे. मसुरीच्या बोर्डिंगमध्ये वाढलेल्या आणि पुढे एडिंबऱ्यात शिकून आलेल्या या मुलीला वाटायचं, या गावात काही करायचं म्हटलं की माणसं आधी आडवी पडतात आणि मग विचारतात, काय म्हणत होतीस?

माधवनगरच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी तिचं स्काउट पथक भरायचं. त्या दिवशी जमिनीवर मोठा खाकी कागद अंथरला होता आणि मुलं त्याच्याभोवती पालथी पडली होती. दिवाळीनंतरच्या शनिवार-रविवारी शहराबाहेरच्या जुन्या हवाई पट्टीवर कॅम्प करायचा होता. मोकळं आभाळ, वारा, लांबच लांब पट्टी. वाऱ्याची दिशा मोजायचा बॅज, नकाशावाचनाचा, चुलीवरच्या स्वयंपाकाचा, सगळे तिथेच मिळवायचे. परवानगीसाठी मुक्ताने चपला झिजवल्या होत्या, आणि कागद हातात पडला तेव्हा तिला आनंदापेक्षा संतापच आला होता. एवढ्यासाठी एवढं?

मंडळाचे सचिव मधुकरकाका खुर्ची ओढून बसले होते. “अगं, माझं म्हणणं एवढंच की मैदान आपल्या हॉलमागे पण आहे. रात्री मुलं आपापल्या घरी झोपतील, सकाळी पोहे खाऊन परत येतील. कॅम्पचा कॅम्प, आणि कोणाला टेन्शन नाही.”

“काका, मग ऑनलाइनच करू ना,” यशोधन म्हणाला. “तंबू डाउनलोड करू.”

पोरं हसली. काकाही हसले, पण हलले नाहीत. “ती जागा ओसाड आहे रे.”

“काका, ओसाड नसती तर तिथे विमान उतरलं असतं आणि आपल्याला कोणी येऊच दिलं नसतं,” मुक्ता म्हणाली. “भीती वाटायला काहीतरी कारण लागतं. तुमच्याकडे कारण आहे का?”

काकांकडे कारण नव्हतं. त्यांनी तसं कबूल केलं आणि चहा आला का ते बघायला उठले.

मग सगळे तंबूंची जागा ठरवायला बसले. घोड्याच्या नालासारखी रांग, तोंड पूर्वेला, चूल तिथल्या एकुलत्या कडुलिंबाजवळ. मुक्ताने आपला छोटा तंबू नालाच्या मध्ये काढला, तशी ईराने पेन्सिल हातातून काढून घेतली. ईरा चौदा वर्षांची, पथकातल्या एका संघाची नायक, आणि कुठलीही गोष्ट वाद घातल्याशिवाय न मानणारी.

“दीदी, तुम्ही मध्ये झोपलात तर आम्ही गप्पा काय मारणार? तुम्ही तिकडे.” तिने कडेला, नालाच्या बाहेर, जरा तिरका असा एक चौकोन काढला.

“तिरका का?”

“तुमचं तोंड दुसरीकडे पाहिजे म्हणून.”

मुक्ताला ही पोरगी फार आवडायची.

२

जागा पाहायला ती परागदादाबरोबर गेली. पराग तिचा चुलत भाऊ, ट्रॅव्हलच्या गाड्या चालवणारा, उज्जैन सोडून कधी कुठे न राहिलेला आणि त्याचं कधी वाईट न वाटलेला.

दुपार होती. फाटकावरच्या चौकीदाराने परवानगीचा कागद उलटा धरून पाहिला आणि आत सोडलं. तडे गेलेली पट्टी उन्हात पांढरी पडली होती. एक बंद पत्र्याची शेड, खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारी फाटकी कापडी पिशवी, आणि दोन्ही बाजूंना पावसाळ्यानंतरचं घोट्याइतकं हिरवंगार गवत.

कडुलिंबापाशी पोचली आणि मुक्ता थांबली.

गवतात चौकोन होते. हिरव्या गालिच्यातून कोणी कापून काढल्यासारखे, सरळ कडांचे, फिकट चौकोन.

“कोणीतरी कॅम्प करून गेलं,” ती म्हणाली. कानशिलं तापली. “मला महिनोन् महिने फिरवलं, आणि दुसऱ्या कोणाला गुपचूप देऊन टाकलं. बघ ना.”

“असेल ना कोणी नेताबिताच्या शाळेचं,” पराग म्हणाला. “आता रिकामी आहे ना? तुला काय करायचंय.”

“मला हेच करायचंय.”

ती गुडघ्यावर बसली. तंबूखालचं गवत तिला वाचता यायचं. थंडीपावसात, परक्या टेकड्यांवर ती ते शिकली होती. तंबू दोन दिवस उभा राहिला तर गवत नुसतं चेपतं आणि सकाळी उठून उभं राहतं. आठवडाभर राहिला तर पिवळं पडतं. इथलं गवत पांढरं होतं. उकडलेल्या शेवयांसारखं मऊ, बोटाने ओढलं तर मुळासकट हातात येणारं, आणि मुळं कुजलेली. खालची माती ओलसर होती. भर दुपारी तिला तळघराचा वास येत होता.

असं व्हायला तंबू महिनोन् महिने उभे राहावे लागतात. सबंध पावसाळाभर. न हलवता, एकदाही न उचलता.

परत जाताना तिने चौकीदाराला हटकलं. “बारिश में यहाँ कौन रह रहा था?”

“यहाँ?” तो खरोखरच बुचकळ्यात पडला. “मैडम, बारिश में तो यहाँ भैंस नहीं बैठती।”

“किती सराईत खोटं बोलतात,” गाडीत बसताना मुक्ता म्हणाली.

परागने गाडी चालू केली. “मला तो खोटं बोलतोय असं नाही वाटलं,” तो म्हणाला. “पण तुझ्याशी कोण डोकं लावणार.”

३

दुसऱ्या दिवशी ती परवानगी देणाऱ्या ऑफिसात जाऊन भांडली. टेबलामागच्या माणसाने शपथेवर सांगितलं की वर्षभरात परवानगी एकाच पथकाला दिली आहे, तुमच्या. मुक्ताने माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकायची धमकी दिली. तो म्हणाला, जरूर टाका. त्याच्या आवाजात उर्मटपणा नव्हता. तिला तो हवा होता.

घरी येऊन तक्रार लिहायला बसली. तक्रारीला जोडायला म्हणून तिने जागेचे काढलेले फोटो उघडले, शेजारी खाकी कागद पसरला, आणि तिचा हात थांबला.

फोटोतही नालासारखी रांग, तोंड पूर्वेला. ठीक आहे, तिने स्वतःला समजावलं, कॅम्प लावायची ती नेहमीचीच पद्धत आहे. सकाळचं ऊन तंबूत यावं म्हणून कोणीही शहाणा माणूस तसंच लावेल. कडुलिंबापाशी चुलीचा काळा डाग. सावली तिथेच आहे, दुसरीकडे चूल कोण घालणार?

पण कडेला, नालाच्या बाहेर, एक छोटा चौकोन होता. तिरका.

तिने फोटो मोठा करून पुन्हा पाहिला. मग तिला राग आला. कोणीतरी मंडळात येऊन नकाशा पाहिला असणार. कोणीतरी जाऊन मुद्दाम गवतावर औषध मारलं असणार, पोरं घाबरून घरी बसावीत म्हणून. मधुकरकाका? काकांना रिक्षातून उतरताना आधार लागायचा. मग दुसरं कोणी. असतात अशी माणसं, स्वतः काही न करणारी आणि दुसऱ्याला करू न देणारी.

तिने नवा कागद घेतला. खोलीचं दार लावलं. नाल मोडून टाकला आणि पश्चिमेच्या कुंपणालगत तंबूंची सरळ रांग काढली, चूल पार दुसऱ्या टोकाला. कागद कोणालाही दाखवला नाही. घडी करून स्वतःच्या पाकिटात ठेवला आणि मनात म्हणाली, आता मारा औषध.

४

“मागच्या वेळी इकडे होते ना ते डाग?” परागने विचारलं.

कडुलिंबाजवळ गवत हिरवं होतं. हिरवं आणि उंच, वाऱ्यावर डुलणारं. मुक्ताने ते दोन्ही हातांनी बाजूला सारून पाहिलं. बुंध्यापर्यंत हिरवं, मुळं घट्ट. इथे कधी काही होतं असं कोणी म्हटलं असतं तर तिने त्याला वेड्यात काढलं असतं.

ती पश्चिमेच्या कुंपणाकडे पाहत नव्हती. शेवटी पाहिलं.

रांग सरळ होती.

“तुझ्याशी बोलतोय मी,” पराग म्हणाला. “जागा बदलली का त्यांनी? चांगलं केलं की. इकडे सावली नाही पण.”

“तू इथेच थांब.”

ती चालत गेली आणि पहिल्या चौकोनाच्या कडेशी उभी राहिली. डोकं सांगत होतं, गवत आहे. गवताला रोग पडतो. बुरशी सरळ रेषेत वाढू शकते, जमिनीखाली जुनी नळी असेल, जुना पाया असेल. तिच्या शिक्षणात यातल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर होतं. तिने पाय उचलून आत ठेवला.

वारा थांबला.

वारा थांबला नव्हता. बाहेर गवत हलत होतं, परागचा शर्ट फडफडत होता. पण तिच्या कानाशी सगळं मऊ, बुजलेलं झालं, कापडाच्या आत बसल्यासारखं. हवा कोंदट आणि गरम होती, तिच्यात ओल्या मोज्यांचा आणि रॉकेलचा वास. अगदी जवळून, हाताच्या अंतरावरून, कोणीतरी चालत गेलं. चालता चालता कापडावर बोटं ओढत गेलं, तो खरखर आवाज तिच्या डाव्या कानापासून उजव्या कानापर्यंत सरकला. मग दोरीत पाय अडकल्याचा आवाज, आणि एक पोरकट आवाज, वैतागलेला:

“अरे यार.”

मुक्ता बाहेर आली. कशी आली ते तिला आठवत नव्हतं. डोक्यावर ऊन होतं, वारा होता, आणि पराग दुरून तिच्याकडे येत होता, कारण ती हाताने आपले दोन्ही खांदे झाडत होती.

“किडा चावला का?”

“हो,” ती म्हणाली.

५

कॅम्प रद्द केल्याचं तिने मंडळात उभं राहून सांगितलं. कारण दिलं, जमीन चांगली नाही. ओल आहे, रोगट आहे. हे खोटं नव्हतं, आणि तरी सांगताना तिला लाज वाटत होती.

मधुकरकाका उठून तिच्याजवळ आले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. “शहाणी पोर. मला माहीत होतं.”

एवढा अपमान तिचा उभ्या आयुष्यात कोणी केला नव्हता, आणि काकांना त्याचा पत्ताही नव्हता.

 मग ईरा उभी राहिली. तिचे गाल लाल झाले होते.

“ओल आहे तर खाली प्लास्टिक घालू. तुम्हीच शिकवलंय.”

“ईरा, मी ठरवलंय.”

“कोणाला विचारून? आम्ही महिनाभर गाठी मारतोय. यशोच्या बोटाची सालं निघाली.”

“निघालीत,” यशोधनने बोट दाखवलं.

“खरं कारण सांगा ना दीदी. आम्हाला काय झेपत नाही? तुम्ही म्हणायचात, कारण नसेल तर भीती मानायची नाही. आता तुम्हीच काकांसारखं करताय. सॉरी काका.”

“बोल बेटा, बोल,” काका म्हणाले.

मुक्ताच्या ओठांवर सगळं आलं होतं. चौकोन, तो आवाज, बोटांची खरखर. पण समोर ती तोंडं होती, आणि तिला दिसत होतं की हे सांगितलं तर उद्या सकाळी सगळी पोरं सायकली काढून ते चौकोन बघायला जातील. ती स्वतः त्या वयात गेली असती.

“मला सांगता येत नाही,” ती म्हणाली.

“मग हे बरोबर नाही,” ईरा म्हणाली आणि दप्तर उचलून निघून गेली. तिच्यामागून एकेक करून सगळी.

रात्रभर मुक्ताला झोप लागली नाही. मुलांना दुखावल्याचं होतंच. पण त्याहून जास्त हे टोचत होतं की पोरगी शंभर टक्के बरोबर बोलली होती.

६

ठरलेल्या शनिवारी दुपारी फोन आला. ईराची आई, चारुलताकाकू.

“मुक्ता, ईरा टॉर्च इथेच विसरून गेली गं. तुमच्याकडे जास्तीची आहे का? नाहीतर संध्याकाळी हे आणून देतील हवाई पट्टीवर.”

मुक्ताने फोन कानाला लावूनच चपला घातल्या. तंबू मंडळाच्या मागच्या खोलीत होते आणि खोलीची किल्ली नायक म्हणून ईराकडे. घरी कोणीच सांगितलं नव्हतं की कॅम्प रद्द झाला. सकाळी नानाखेड्याच्या स्टँडवरून मॅजिक गाडी भाड्याने करून सगळी पोरं गेली होती. तिला राग यायला हवा होता. आला तो अभिमान, आणि त्याच्या मागोमाग दुसरंच काहीतरी.

परागने मोठी गाडी काढली. वाटेत एकदा म्हणाला, “एवढं काय? पोरं आहेत. मी असतो तर मी पण गेलो असतो,” आणि तिचा चेहरा पाहून वेग वाढवला.

चौकीदाराने फाटक उघडून ठेवलं होतं. “आपके ही बच्चे हैं ना, मैडम। परमिशन तो थी।”

दुरूनच आवाज ऐकू आले आणि मुक्ताचा जीव भांड्यात पडला. खिचडीत मीठ कोणी दोनदा टाकलं यावर कडाक्याचं भांडण चाललं होतं. ईरा सगळ्यांच्या वरताण बोलत होती. तंबू ना नालासारखे होते ना रांगेत. पट्टीच्या पलीकडे, जिथे कुठल्याच कागदावर काही काढलेलं नव्हतं, तिथे पोरांनी मनाला येईल तसे वेडेवाकडे ठोकले होते. एक तर पार कलला होता. मुक्ताला हसू आलं. आपल्या नकाशातलं काहीच नाही, तिने स्वतःला सांगितलं. काहीच नाही.

ती पट्टी ओलांडायला लागली. पट्टीच्या मध्यावर असताना भांडण थांबलं. आपल्याला पाहिलं असणार, तिला वाटलं.

ती पोचेपर्यंत मुलं तंबूंतून बाहेर येऊन उभी राहिली होती.

“आवरा,” ती म्हणाली. पुढचं बोलणं तिने वाटेत तयार करून ठेवलं होतं. “मी घरी कोणाला काही सांगणार नाही. ओरडणार पण नाही. पण आत्ताच्या आत्ता निघायचं.”

“हो दीदी,” ईरा म्हणाली.

मुलं कामाला लागली. खुंट्या उपसल्या, दोऱ्या गुंडाळल्या, कापडाच्या घड्या घातल्या. मुक्ताने शिकवलं होतं तसं, किंबहुना त्याहून नीट. तिला तो वेगच हवा होता. पहिला तंबू उचलला गेला तेव्हा खाली पाहायचं नाही असं ठरवून ती उभी होती, आणि तरी तिची नजर गेली.

सकाळी ठोकलेल्या तंबूखालचं गवत पांढरं होतं.

“चला, चला लवकर,” ती म्हणाली. आवाज चिरका निघाला. तिने सगळ्यांना पुढे घातलं, हाताला येईल त्याच्या पाठीवर हात ठेवून ढकलत ढकलत पट्टी ओलांडवली. सामान मागे टाकलं, मुलं बसली, तिने स्वतः दार ओढून घेतलं. ईरा तिच्या शेजारी, यशोधन मागे. “चालव,” ती परागला म्हणाली.

गाडी धुळीतून फाटकाकडे निघाली. मुक्ताचा श्वास हळूहळू खाली बसला. सुटली पोरं. घेऊन आले. उद्या भांडतील माझ्याशी, महिनाभर बोलणार नाहीत, चालेल. आत्ता सुरू होईलच, ईरा एवढा वेळ गप्प बसलीच कशी? ती वाट पाहत राहिली.

“राग आलाय ना?” शेवटी तिनेच विचारलं.

“नाही दीदी,” ईरा म्हणाली. तिचे हात गुडघ्यांवर होते. “तुम्ही म्हणाल तसं.”

मुक्ताने मागे वळून पाहिलं. सगळ्यांचे हात गुडघ्यांवर होते. यशोधन तिच्याकडे बघून हसला, बोलला काहीच नाही. बाहेरून वारा येत होता, आणि वाऱ्यावर, गाडीच्या आवाजाच्या खालून, दुसरं काहीतरी.

मागे, पट्टीच्या पलीकडून, कोणीतरी हाका मारत होतं. शब्द कळत नव्हते. सूर कळत होता. चिडलेला, हट्टी, स्वतःची बाजू पुरती मांडल्याशिवाय न थांबणारा. हा सूर तिने दर रविवारी ऐकला होता. त्याच्या जोडीला दुसरा, चेष्टेखोर, आता रडकुंडीला आलेला. मग आणखी. खूप जणांचे, एकत्र, धावत येता येता दम लागलेले आवाज.

आरशातून मागची पट्टी दिसत होती. तिथे ऊन होतं आणि गवत होतं.

“परागदादा,” ती म्हणाली, “थांबव. गाडी वळव.”

“आता काय राहिलं?” पराग वैतागला, पण त्याने ब्रेक दाबला. गाडी फाटकाच्या तोंडाशी थांबली. इंजिन मंदावलं आणि मागचे आवाज वाढले, जवळ आले, त्यांतला एक आता तिचं नाव घेत होता.

गाडीत कोणी मान वळवली नाही. सगळ्यात मागच्या सीटवरून हात वर झाला आणि खिडकीची काच सरकली. मग तिच्या पुढची. मग तिच्या पुढची. मुलं एकेक करून, आवाज न करता, काचा लावून घेत होती. शेवटी ईरा मुक्ताच्या अंगावरून वाकली, अगदी अदबीने, तिला कोपर लागू न देता, आणि तिच्या बाजूची काच पार शेवटपर्यंत सरकवली.

“सॉरी दीदी,” ती हळूच म्हणाली. “धूळ येते.”